वायंगणकर सर आणि दिवाळ्याचं दार

सुधीर वायंगणकर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. आमच्या नवी मुंबईतल्या, महाप्याच्या कंपनीतसुद्धा अकाउंट्सवाल्या मॅडम त्यांना अजून 'सॉफ्टवेअरवाले काका' म्हणतात. पण तुमच्या दुधवाल्याच्या, औषधवाल्याच्या किंवा मासेवाल्या बाईंच्या थंड खोलीच्या दाराशेजारी हिरवा दिवा लुकलुकणारी एक पांढरी पेटी असेल, तर तिच्या पोटात सरांनी लिहिलेल्या ओळी धावत असण्याची शक्यता आहे. ही पेटी खोलीचं तापमान बघते, कॉम्प्रेसर चालू-बंद करते आणि मालकाच्या मोबाइलवर कळवत राहते. आम्ही त्या बनवतो. म्हणजे आत्मा सर घालतात, आणि आम्ही चार जण आत्म्याला इस्त्री करतो.

मी मूळचा गडहिंग्लजचा. शाळा तिथली, कॉलेज कोल्हापूरचं, आणि आता उलव्यात तिघा मुलांसोबत एका फ्लॅटमध्ये राहतो. सर आमच्याच सेक्टरमधले, त्यामुळे रोज त्यांच्या गाडीतून ऑफिसला. फुकट प्रवासाची किंमत एवढीच की वाटेत त्यांचं ऐकायचं. पहिले काही महिने मी पैसे देऊन बसनं जावं की काय, असा विचार करत होतो.

कारण सरांना एकच वेड. वस्तू जागच्या जागी. त्यांच्या घरी सरोजिनीकाकूंच्या स्वयंपाकघरात डब्यांवर छापील चिठ्ठ्या आहेत. काकू सांगतात, लग्नानंतर पहिलं भांडण मेथ्या मोहरीच्या डब्यात गेल्या म्हणून झालं. गाडीतसुद्धा टोलच्या पावत्या एका कप्प्यात, रुमाल दुसऱ्यात, आणि श्रीखंडाच्या गोळ्या तिसऱ्यात. मी एकदा गोळ्या रुमालाच्या कप्प्यात ठेवल्या, तर वाशीपर्यंत बोलले नाहीत.

हेच वेड त्यांनी कोडमध्ये आणलं आणि तिथं ते शहाणपण ठरलं. आमच्या पेटीत एक चिप असते. चिपच्या आत प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा मेंदू. एकच मेंदू वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या चिपांमध्ये बसवतात आणि भोवती आपापलं सामान लावतात: घड्याळं, तारा जोडायची तोंडं वगैरे. मग ती चिप ज्या पाटीवर चिकटते ते बोर्ड, ते आमचं. तर मेंदूबद्दलचं कोड एका फोल्डरमध्ये, चिपबद्दलचं दुसऱ्यात, बोर्डाचं तिसऱ्यात. सर नव्या मुलांना हे असं समजावत: "प्रोसेसर म्हणजे सिडकोचा नकाशा. चिप म्हणजे नोड, उलवे किंवा खारघर. बोर्ड म्हणजे तुझी सोसायटी. उलव्यात पाणी किती वाजता येतं ते नकाशावर छापतोस का? नाही ना? मग चिपची गोष्ट प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये टाकायची नाही. उद्या खारघरवाला तोच नकाशा बघून बादल्या मांडून बसेल."

आणि ज्यानं टाकली, त्याला शिक्षा. चुकीच्या फोल्डरमध्ये ज्याचं सामान सापडेल त्यानं आठवडाभर सगळ्यांना चहाचा ट्रे फिरवायचा. माझ्यासोबत बसणारी संघप्रिया परभणीची, तिनं हा ट्रे एकदाच धरला. मी इतक्यांदा धरला की नव्या वॉचमनला मी कँटीनचाच माणूस वाटलो. सर ट्रेवरून कप उचलताना मान किंचित तिरपी करून विचारत, "काय, पाणी किती वाजता येतं?" सगळे हसत. मीही हसायचो. सरांनी स्वतः मात्र तो ट्रे कधी धरला नव्हता.

मधे आम्ही वापरत होतो ती चिप बाजारातून गायब झाली. आमचे तरुण मालक आशुतोष यांनी धावपळ करून दुसरी चिप शोधली. मेंदू तोच, भोवतालचं सामान वेगळं. सरांना आनंद झाला. इतकी वर्षं नीट कप्पे केले त्याचं हे फळ, म्हणाले, एक नवा फोल्डर केला की झालं. आणि खरंच झालं. नव्या चिपच्या पेट्या बाहेर पडल्या, त्यातली एक दिवाळे गावात पुतळाबाईंच्या गाळ्यावर लागली.

दिवाळे म्हणजे बेलापूरच्या खाडीवरचं कोळ्यांचं गाव. आम्ही रोज किल्ला जंक्शनला सिग्नलवर थांबतो तिथून आत वळलं की पोचलो. पुतळाबाई धक्क्यावर होड्यांवरून मासळी घेतात, रात्रभर थंड खोलीत ठेवतात आणि सकाळी बाजारात पाठवतात. खोलीची चावी त्यांच्या सुनेकडे, मीनाकडे. मीना जासईची, लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली. चावी सुनेकडे देणं म्हणजे त्या घरात काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्याकडं घराची चावी कुंडीखाली असते.

पेटी लावून महिना झाला नसेल, पुतळाबाईंचा फोन आला. मासळी नरम पडते. दोनदा पापलेट फेकावं लागलं. सर मला घेऊन निघाले. गाळ्यासमोर बायका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळायला पसरत होत्या, जाळ्यांच्या ढिगाशेजारी एक म्हातारी दोरा ओढत बसलेली. सरांनी मला मोबाइलवर ग्राफ काढायला लावला. संध्याकाळी रेघ हळूहळू वर चढत होती, मधे मधे तुटत होती. तुटलेलं ते नेटवर्क, म्हणाले सर, इथं पत्र्याचा गाळा आहे, तुटणारच. चढ मात्र बघ.

असा चढ आम्ही शंभरदा पाहिला होता. दुकानदार दार नीट लावत नाहीत, गारवा निघून जातो, आणि दोष पेटीला. सरांनी मला मोबाइल पुतळाबाईंपुढे धरायला लावला आणि प्रेमानं सांगितलं की यंत्र ठीक आहे, दार उघडं राहतंय. संध्याकाळचं. मग विचारलं, "संध्याकाळी इथं कोण असतं?"

सगळ्या बायकांनी एकदम मीनाकडं पाहिलं. ती टोपलीतून बर्फ काढत होती.

"मी दार लावते," मीना म्हणाली. "खिटी पडल्याचा आवाज आयकते नि मगच जाते."

सर हसले. वाईट हसणं नव्हतं ते. ट्रे धरणाऱ्याकडं पाहून हसत तसंच. "सगळेच लावतात हो ताई. पण ग्राफ खोटं बोलत नाही."

परत निघताना पुतळाबाई मागं कुणाला तरी सांगत होत्या की संध्याकाळ झाली की जासईला फोन, मग दाराकडं लक्ष कुठून राहणार. सरांनी गाडीत श्रीखंडाची गोळी तोंडात टाकली आणि मला म्हणाले, की ग्राहकाला त्याची चूक दाखवताना आवाज चढवायचा नाही, हे शिकून घे. मी शिकून घेतलं. दोन बोटांनी तो ग्राफ मोठा करून सगळ्यांना दाखवणारा मीच होतो, हे इथं सांगून टाकतो. पुढं हा माणूस एकटाच दोषी असल्यासारखं वाटेल, म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी मी माझं टेबल आवरलं. आवरणं हा माझा प्रांत नाही. टेबलावर एक नवी पेटी चाचणीला चालू होती, ती मी तशीच चालू ठेवून मागच्या लोखंडी कपाटात कोंबली, वायर दाराच्या फटीतून बाहेर. जरा वेळानं कपाटातून आवाज यायला लागला. टक. मग शांतता. मग परत टक. पालीसारखा.

सर पलीकडच्या खुर्चीतून उठले. कपाट उघडलं. टक थांबली. बंद केलं, परत सुरू झाली. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मला वाटलं, आता पेटीच्या जागेवरून काहीतरी ऐकावं लागणार. पण ते खुर्चीत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं.

झालं होतं ते असं. प्रत्येक चिपमध्ये एक राखणदार असतो. म्हणजे एक छोटं घड्याळच. मुख्य प्रोग्रॅमनं त्याला ठराविक वेळात हजेरी द्यायची. नाही दिली, तर राखणदार समजतो की हा झोपला, आणि पेटी बंद करून नव्यानं चालू करतो. पेटी नव्यानं चालू झाली की कॉम्प्रेसर काही मिनिटं थांबवून ठेवते, मशीनला धक्का नको म्हणून. ती टक त्याच थांबण्याची. आता या राखणदाराचं घड्याळ चिपचं असतं, मेंदूचं नव्हे. जुन्या चिपमधलं हळू चाले, नव्यातलं भरभर. त्यामुळे तोच आकडा दिला तरी नवा राखणदार लवकर कावतो. नेटवर्क चांगलं असेल तर प्रोग्रॅम वेळेत हजेरी देतो, काही कळत नाही. नेटवर्क कमी, म्हणजे लोखंडी कपाटात, किंवा संध्याकाळी सगळं गाव मोबाइल उघडून बसलेलं असताना पत्र्याच्या गाळ्यात, प्रोग्रॅम निरोप पाठवायला धडपडत राहतो, आणि राखणदार त्याला पुन्हा पुन्हा झोपेतून उठवतो. कॉम्प्रेसर थांबलेला. गारवा उतरत जातो. ग्राफ चढत जातो, अगदी दार उघडं राहिल्यासारखा. मधे मधे तुटतही जातो.

राखणदाराचा आकडा प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये होता. उलव्याच्या पाण्याची वेळ नकाशावर छापलेली.

कुणी छापली, ते शोधायला वेळ लागत नाही. आमच्याकडं प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली ते बटन दाबलं की दिसतं. मी सरांच्या मागंच उभा होतो. नाव आलं: सुधीर वायंगणकर. मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. ट्रे डोळ्यांसमोर आला. मग सरांनी हळू आवाजात, माझ्याशी नव्हे, पडद्याशी बोलल्यासारखं, कसं घडलं ते सांगितलं, आणि माझा आनंद गेला.

नव्या चिपचा फोल्डर करताना सुरुवात म्हणून त्यांनी जुन्याचीच प्रत केली होती. सगळेच करतात, मग एकेक ओळ नव्या चिपच्या कागदांवरून बदलायची. हा आकडा बदलायचा राहिला. आठ-पंधरा दिवसांनी आवराआवर करताना त्यांना दिसलं, की दोन्ही चिपांच्या फोल्डरांत एकच आकडा दोनदा लिहिलाय. एकच गोष्ट दोन ठिकाणी म्हणजे सरांना मोहरीत मेथ्या. दोन्हीकडं सारखा आहे म्हणजे हा चिपचा नसून मेंदूचाच असणार, असं म्हणून त्यांनी तो उचलून वरच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवला, आणि दोन्हीकडचा पुसला. स्वतःच केलेली नक्कल, आणि स्वतःच ती अस्सलाशी ताडून पाहून खूश झालेले. त्या दिवशी गाडीत त्यांनी मला हे कौतुकानं सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा पाम बीच रोडवर झोपलो होतो.

दुरुस्ती सोपी होती. आकडा चिपच्या फोल्डरमध्ये परत नेला, नव्या चिपला तिचा वेगळा दिला. कपाटातली टक गेली. सर आशुतोषच्या केबिनमध्ये जाऊन आले. आशुतोष म्हणाले, बाकी कुणाची तक्रार नाही, सगळ्यांना नेहमीचं अपडेट म्हणून देऊन टाका, कारण सांगत बसू नका. वाईट माणूस नाही तो, धंदा करतो. सर 'बरं' म्हणाले. मग चहाच्या वेळी उठले, शिपायाच्या हातातून ट्रे घेतला आणि स्वतः फिरवला. कुणाला कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, सरांचा वाढदिवस असेल. संघप्रियानं कप उचलताना शुभेच्छाही दिल्या. सरांनी त्या घेतल्या. पुढचे चार दिवस ते ट्रे फिरवत होते. तेवढ्यावर भागेल अशी त्यांची समजूत असावी. माझीही होती.

दिवाळ्याला आम्ही वायर जोडून अपडेट टाकायला गेलो. पुतळाबाईंनी कमरेची चावी काढून स्वतः दार उघडलं. "तुमी सांगितलं होतं ना, काल परत नरम पडली तवापासून मीच ठेवते," म्हणाल्या. मीना बाहेर उन्हात बायकांमध्ये जवळा पसरत होती. ती उठून आली नाही. लॅपटॉपवर रेघ पुढं सरकत होती तेव्हा दारात येऊन तिनं एवढंच विचारलं, की यानं काय बदलतं.

सरांचं तोंड उघडलं. मी तयारीत होतो. आता सांगतील, मग आपण मान खाली घालून उभं राहायचं.

"नेहमीचं अपडेट आहे," सर म्हणाले. "सगळ्यांनाच देतोय."

तिनं ऐकलं आणि जवळ्याकडं गेली. गाडीत सरांनी गोळ्यांचा कप्पा उघडला आणि तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून आमचा रस्ता बदलला. किल्ला जंक्शन, पाम बीच हा सरळ सुखाचा रस्ता सोडून सर उरण फाट्यावरून हायवेला लागायचे, मग तुर्भ्याच्या ट्रेलरांमागं रांगायचे. मी कारण विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही, की पाम बीचवर हल्ली सिग्नल फार झाले. विमानतळाची विमानं डोक्यावरून उतरत होती आणि आम्ही एका कंटेनरच्या मागच्या पाट्या वाचत होतो.

मग मासळी आली. शनिवारी दुपारी ऑफिसच्या दारात पुतळाबाईंचा भाचा रिक्षानं येऊन थर्माकोलचा डबा ठेवून गेला. आत बर्फावर पापलेट, ताटाएवढी. मागोमाग फोन. सरांनी तो माझ्यासमोरच घेतला, आणि बाईंचा आवाज असा की स्पीकरची गरज नव्हती. मासळी एकदम कडक राहते आता, म्हणाल्या. तुमी बरोबर ओळखलात. चावी सुनेकडून काढली नि सगळं सुधारलं. सगळ्या आळीला सांगते मी, साहेबांनी नुसतं मोबाइलवर बघून चोर पकडला.

सरांनी फोन ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. मला तेव्हा कुठं नीट उजेड पडला. आम्ही गुपचूप दुरुस्ती केली आणि ती नेमकी चावी काढल्यानंतर केली. त्यामुळे मीनाचा गुन्हा आता नुसता आरोप राहिला नव्हता. पुराव्यानं शाबीत झाला होता. पुरावा आम्हीच वायर जोडून घातला होता.

रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. एवढं पापलेट दोघांनी कसं संपवायचं म्हणून. तळलेल्या तुकडीचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि मी निर्लज्जासारखा भुकेला होतो. सरांच्या ताटात तुकडी वाढली. ते भात चिवडत राहिले. काकूंनी विचारलं, मासे पाठवणारी बाई कोण. ग्राहक, म्हणाले. एवढी खूश कशानं झाली? काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी सोलकढीत तोंड घातलं.

मग सरांनी सांगितलं. सगळं, ओळीनं, फोल्डरसकट. काकूंना फोल्डरांशी देणंघेणं नव्हतं. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्यांनी त्या तीस वर्षं गांजलेल्या, त्यामुळे त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ती मुलगी आता काय करते.

"जवळा वाळवते," सर म्हणाले. "उन्हात."

काकूंनी उठून त्यांच्या ताटातली तुकडी उचलली, बशीत ठेवली, वर झाकण घातलं. रागानं नाही. ज्याला पचणार नाही त्याच्यापुढून उचलावं तशी. माझ्या ताटातली तशीच राहिली. ती मी खाल्ली, आणि चव लागली नाही असं म्हणून मला चांगुलपणा घ्यायचा नाही. लागली.

सोमवारी सर उरण फाट्याला वळले नाहीत. किल्ला जंक्शनला सिग्नल हिरवा होता तरी त्यांनी गाडी आत घातली. आशुतोषला त्यांनी वाटेतच फोन करून सांगितलं, की मी सांगणार आहे. तिकडून जे काही आलं ते ऐकून 'हो, माझ्या जबाबदारीवर' म्हणाले. मला म्हणाले, तू गाडीत बस. मी उतरलो. ग्राफ मीच दाखवला होता.

पुतळाबाई धक्क्यावरून येत होत्या. पापलेट कशी होती, पहिला प्रश्न. सरांनी उत्तर न देता प्रोसेसरपासून सुरुवात केली. मेंदू एक असतो पण चिपा वेगवेगळ्या. घाबरले की माणसं आपल्याला येतं तेच बोलतात. सिडकोचा नकाशा आला, उलव्याचं पाणी आलं. बाई कपाळाला आठी घालून ऐकत होत्या आणि टोपली या हातातून त्या हातात घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, काय झालंय ते बोला."

"दार उघडं राहत नव्हतं," सर म्हणाले. "चूक पेटीची होती. पेटीची म्हणजे माझी. मागच्या वेळी आलो तेव्हा मी ती गुपचूप दुरुस्त करून गेलो."

पुतळाबाईंनी टोपली खाली ठेवली. मला वाटलं, मासळीची भरपाई मागतील. आशुतोषलाही तीच भीती होती. त्यांनी ती गोष्टच काढली नाही. "मी माज्या सुनंला आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर." मग आवाज चढला. "तवा चार बायकांसमोर बोललात ना? आता पन तशेच बोला. तिला बोला. मना नको."

जवळा पसरणाऱ्या बायका आधीच थांबल्या होत्या. जाळ्याशेजारची म्हातारीही. सर त्यांच्यामधून चालत मीनापर्यंत गेले. पायाखाली जवळा येऊ नये म्हणून टाचा उचलून, अवघडून. पन्नाशी उलटलेला, खिशाला पेन लावलेला माणूस असा चालताना पाहून एरवी मी महिनाभर नकला केल्या असत्या.

"मीनाताई," ते म्हणाले, "दार तुम्ही लावत होतात."

मीना खालीच बसलेली. हातातला खराटा तिनं बाजूला ठेवला. "मना ठावं होतं," ती म्हणाली. "तुमालाच नव्हतं."

"हो."

"मग वायर लावायला आलात तवा ठावं होतं?"

सरांनी मान डोलावली.

"मी इचारलं होतं तुमाला. दारात उभं राहून."

"लाज वाटली," सर म्हणाले.

"अन आता?"

"आता जास्त वाटते."

तिनं खराटा परत हातात घेतला. बरं, ठीक आहे, होतं असं कधी कधी, यातलं काहीच नाही. आपण माफी मागितली की समोरच्यानं लगेच ती उचलून आपलं ओझं हलकं करायचं, अशी आपली सवय. तिनं उचललं नाही. सर तिथंच उभे राहिले, त्यांचं ओझं त्यांच्याजवळ. पुतळाबाईंनी कमरेची चावी सोडवली आणि सुनेपुढं धरली. मीनानं तिकडं पाहिलं, आणि सांगितलं की हातातलं काम होऊ दे. सासूला चावी धरून तसंच उभं राहावं लागलं, ओळीतला शेवटचा जवळा पसरून होईपर्यंत. बायका बघत होत्या. कुणी घाई केली नाही.

मग ती उठली, हात पदराला पुसले, चावी घेतली आणि गाळ्याकडं गेली. खोली उघडून दिली. आलोच आहोत तर पेटी बघून घेतो, असं सर पुटपुटले होते. आत हिरवा दिवा नीट चालला होता. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी सर त्या गारव्यात गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहिले, बाहेरच्या नजरांपेक्षा तो बरा म्हणून असेल. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर वाफ धरली होती. ती न पुसताच ते गाडीच्या दिशेनं निघाले.

"साहेब," मीना मागून म्हणाली. "दार."

मी वळून पाहिलं. दार वीतभर उघडं होतं.

सर परत आले. दार ढकललं. खिटी पडल्याचा आवाज झाला. त्यांनी दांडा धरून ओढून पाहिलं, मग आणखी एकदा ओढून पाहिलं. मीना हातातली चावी धरून ऐकत उभी होती.